ट्रॉली किती फुटी, हा प्रश्न नंतरचा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही चेंदणी कोळीवाड्यातले. माझी स्वतःची होडी होती. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून धंदा बंद. मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. तिकडं थंडीत तळी गोठतात आणि हा पठ्ठ्या बर्फाला भोक पाडून खाली गळ सोडून बसतो. दोघांचा तंबू, भोक पाडायचं यंत्र, गॅसची शेगडी असं सामान होतंच, त्यात आता जुन्या बाजारातली एटीव्ही घेतलीय, म्हणजे ती जाड चाकांची उघडी चारचाकी. हे सगळं तळ्यापर्यंत न्यायला त्याला गाडीमागे जोडायची ट्रॉली हवी आहे. दुकानदार म्हणतो, सहा बाय बाराची घ्या, मोठी असलेली बरी. गाडी मध्यम एसयूव्ही आहे, तिच्या पुस्तकात १,५०० पौंड ओढता येतील असं लिहिलंय. मुलगा मला विचारतो, मी तुम्हाला विचारतो.
– एक वाचक, चेंदणी कोळीवाडा, ठाणे

उत्तर : नाखवा, दुकानदाराला ट्रॉली विकायची आहे, ओढायची तुमच्या मुलाला आहे. त्यामुळे त्याचं ऐकू नका.

आकडे पौंडातच मांडतो, कारण तिकडं प्लेटवर तेच असतात. किलो हवे असतील तर २.२ ने भागा. सहा फूट रुंद आणि बारा फूट लांब लोखंडी ट्रॉली, मागे चढउताराची जाळीची फळी धरून, रिकामीच हजार पौंडांच्या आसपास भरते. गाडीची मर्यादा दीड हजार. उरले पाचशे. साधी एटीव्ही सहाशे ते आठशे पौंडांची असते. म्हणजे तंबू आणि शेगडी घरी ठेवली तरी हिशेब बसत नाही. जागा भरपूर, पण भरायची सोय नाही, अशी ती ट्रॉली.

आता ट्रॉलीच्या दांडीजवळ एक प्लेट असते, तिच्याबद्दल सांगतो, कारण दुकानदार तीच पुढे करतो. तिच्यावर बऱ्याचदा २,९९० असा चमत्कारिक आकडा दिसेल. खालचा आस ३,५०० पौंडांचा असतो, मग प्लेटवर कमी का? मिनेसोटात आणि इतरही काही राज्यांत ३,००० पौंडांपासून पुढे ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक लागतात. ते टाळण्यासाठी कारखानदार दहा पौंड अलीकडे थांबतो. शिवाय हा आकडा ट्रॉलीचं स्वतःचं वजन धरून असतो, मालाचा नव्हे. आणि प्लेट काहीही म्हणो, गाडीची मर्यादा त्याहून कमी असेल तर चालते ती गाडीचीच.

मी असतो तर पाच बाय आठची ॲल्युमिनियमची बघितली असती. ती साधारण चारशे पौंडांच्या आतबाहेर येते. त्यावर सातशे पौंडांची एटीव्ही, दीडशे पौंडांचं किरकोळ सामान. झाले साडेबाराशे. अडीचशे पौंड हाताशी राहतात आणि ते राहिलेच पाहिजेत, कारण ओला तंबू कोरड्यापेक्षा जड असतो, पेट्रोलचा कॅन भरलेला असतो आणि सोबतीला येणारा मित्र स्वतःचं सामान आणतोच. एटीव्ही लांबीला सातेक फूट, रुंदीला चारेक फूट, त्यामुळे आठ फुटांत ती बसते. घडीचा तंबू गाडीत मागची सीट पाडून न्यावा. गॅसची टाकी मात्र गाडीत ठेवायची नाही. ती ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्यात, उभी, पट्ट्याने आवळून, कॉक बंद. एटीव्ही आठशेची निघाली तर हिशेब पुन्हा मांडा. तिचं वजन पाहताना विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, कंपनीचं पुस्तक बघा.

पुढची गोष्ट दांडीवरच्या भाराची. ट्रॉलीचं तोंड गाडीच्या हुकावर किती दाबतं, त्याला महत्त्व आहे. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तिथं यावा, म्हणजे साडेबाराशेवर सव्वाशे ते एकशे नव्वद पौंड. पण मध्यम एसयूव्हीच्या हुकाची स्वतःची मर्यादा बऱ्याचदा ओढण्याच्या मर्यादेच्या दहा टक्केच असते, म्हणजे इथं दीडशे. मुलानं ती पुस्तकात बघावी, आणि तसंच असेल तर सव्वाशे ते दीडशेच्या मध्ये राहावं. मोजायला स्नानगृहातला वजनकाटा पुरतो. सपाट जागी ट्रॉली भरून उभी करायची, चाकांना उटी, म्हणजे अडवायला दगड, लावायची, दांडीचं तोंड हुकाच्या उंचीवर येईल असा ठोकळा काट्यावर ठेवून त्यावर ते टेकवायचं, आणि ठोकळ्याचं वजन वजा करायचं. कमी भरलं तर एटीव्ही चार बोटं पुढं, जास्त भरलं तर मागं. भार कमी असेल तर वेग वाढताच ट्रॉली मागून डोलायला लागते आणि घाबरून ब्रेक मारला की आणखी डोलते. पाठीमागं जड होडी लाटेत कशी वागते ते तुम्हाला मी शिकवायला नको.

हुकाचा गोळा आणि ट्रॉलीची वाटी एकाच मापाची हवी. तिकडं हलक्या कामाला १ पूर्णांक ७/८ इंचाचा आणि त्यावर २ इंचाचा गोळा चालतो. दोन इंची वाटी लहान गोळ्यावर बसते, कडीही लागते, सगळं ठीक वाटतं आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडते. दोन्हींवर माप कोरलेलं असतं, ते वाचायचं. साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून फुलीसारख्या घ्यायच्या, म्हणजे तोंड सुटलं तरी ते रस्त्यावर न घासता साखळ्यांच्या झोळीत पडतं.

आता मूळ मुद्दा, तो म्हणजे मीठ. मिनेसोटात थंडीभर रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ वितळावा म्हणून. चाकांनी उडवलेलं ते खारं पाणी सगळं ट्रॉलीच्या पोटात जातं. तुम्ही मीठबंदराजवळ आयुष्य काढलंत, दाराच्या बिजागऱ्या आणि खिडक्यांचे गज कसे जातात ते पाहिलंय. तोच रोग. वागळे इस्टेटमधल्या माझ्या शेडवर लोक वरून चकचकीत रंगवलेलं लोखंड आणतात. चौकोनी पाइपाला हातोडीनं टकटक केलं की आतून गंज झडल्याचा आवाज येतो. रंग बाहेरून लागतो, गंज आतून येतो. म्हणून रंगवलेली ट्रॉली स्वस्त मिळाली तरी तिकडच्या रस्त्याला नको. ॲल्युमिनियम किंवा वितळलेल्या जस्ताच्या कढईत बुडवून काढलेलं लोखंड, हे दोनच पर्याय. जस्तवालं जड, त्यामुळे मुलाच्या गाडीला ॲल्युमिनियमच. त्यातही बोल्ट बघायला सांगा. ॲल्युमिनियमला साधे लोखंडी बोल्ट मारले की खाऱ्या पाण्यात त्या सांध्यापासूनच खड्डे पडायला लागतात.

दिव्यांचं थोडक्यात. एलईडी, बंद डब्यातले. तिकडच्या चारपिनी जोडणीत पांढरी तार अर्थची असते, आणि दिवे लुकलुकले की दहापैकी बहुतेक वेळा तीच गंजलेली असते. नवीन ट्रॉलीतच तिचं टोक घासून, ग्रीस लावून, पुन्हा आवळून घ्यावं. चाकं बारा इंचीपेक्षा तेरा इंची बरी. लहान चाक जास्त वेळा फिरतं आणि बेअरिंग तापतं. पहिल्या पन्नासेक मैलांनंतर चाकांचे नट पुन्हा आवळायचे.

मागची उभी फळी वारा धरते आणि पेट्रोल खाते. घडी होऊन आत पडणारी मिळाली तर घ्यावी, नाही मिळाली तर त्यासाठी अडून बसू नये.

शेवटी बर्फाचं. ट्रॉली काठावर सोडायची, तळ्यावर न्यायची नाही. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याचं मार्गदर्शन असं की, स्वच्छ नवा बर्फ निदान ४ इंच असेल तर माणसानं चालावं, लहान एटीव्हीला ५ ते ७ इंच हवेत. पांढरा, बर्फवृष्टी मुरून झालेला बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरायची. जाडी एकदा काठाजवळ मोजून भागत नाही, जाता जाता मोजत राहायची. आणि तंबूत शेगडी पेटवली की झरोका उघडा ठेवायचा, धुराला वास नसला तरी. हे तुम्ही बापाच्या आवाजात सांगा, माझ्या नको.

प्रश्न : आमच्या घरचे दोघं भाऊ दिवाळ्याच्या जेट्टीवर होडी लावतात. जाळी, डिझेलचे कॅन, बर्फाच्या पेट्या जेट्टीवरून घरी आणि बाजारात न्यायला फार दमछाक होते. थंडीत जवळा, मांदेली, बोंबील मिळतात तेव्हा फेऱ्या संपत नाहीत. आमची जुनी तीनचाकी मालवाहू रिक्षा आहे. तिच्यामागे हूक लावून दोन चाकांची ट्रॉली जोडून देतो असं एक वेल्डर म्हणतोय. करावं का?
– एक वाचक, दिवाळे कोळीवाडा, नवी मुंबई

उत्तर : ताई, नको. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. ते रस्त्यावर आणायचं तर त्याची नोंदणी लागते आणि गल्लीत वेल्डिंग करून काढलेल्या ट्रॉलीला ती मिळणार नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच विचारेल. कायदा बाजूला ठेवला तरी तीनचाकीला पुढं एकच चाक आहे. मागच्या हुकावर भार आला की ते चाक हलकं होतं, वळवायला आणि थांबवायला तेच तर हातात असतं. बेलापूरच्या पुलाच्या चढावर मागं भरलेली ट्रॉली असताना ब्रेक लावायची वेळ दिवाळ्याच्या कुणावर येऊ नये.

बाजारासाठी माल रिक्षातच, तिच्या क्षमतेइतकाच, दोन फेऱ्यांत. पण जेट्टी ते घर या टप्प्यासाठी हातानं ओढायची गाडी करून घ्या, आणि ती मात्र नीट करून घ्या. दोनशे लिटरची पेटी मासळी आणि बर्फ निम्मे निम्मे भरली की दीडशे किलोच्या घरात जाते. त्यामुळे पेटी आसाच्या बरोबर वर, जेवढी खाली बसवता येईल तेवढी खाली. जाळी वर. पेटीचं पाणी निघायचं नळकांडं आसावर न पडता मागं पडेल असं ठेवा, नाहीतर मासळीच्या खाऱ्या पाण्यानं आस आधी जाईल. चाकं रुंद, हवेची. ओहोटीला उतारावर चिखल असतो, तिथं अरुंद लोखंडी चाक रुतून बसतं.

आणि गॅल्व्हनायझिंग. वेल्डर तुम्हाला चंदेरी स्प्रे मारून देईल आणि म्हणेल, झालं गॅल्व्हनाइज. ते नव्हे. सगळं वेल्डिंग आणि भोकं पाडून झाल्यावर सांगाडा जसाच्या तसा वितळलेल्या जस्तात बुडवायचा असतो, साधारण ४५० अंशांना. त्यासाठी तळोजा किंवा टीटीसी औद्योगिक पट्ट्यात चौकशी करा. प्रत्येक बंद पाइपाला दोन्ही टोकांना भोक हवंच. नसेल तर आतली हवा आणि ओल तापून पाइप कढईत फुटतो, आणि भोक असेल तर जस्त आतूनही लागतं, आपल्याला हवं असतं तेच. वेल्डर भोकं पाडायला कुरकुर करेल. करू द्या. एकदा बुडवून आणल्यावर त्यावर पुन्हा वेल्डिंग करू देऊ नका, जिथं जस्त जळेल तिथूनच गंज शिरेल. काही जोडायचंच असेल तर बोल्टनं, आणि बोल्टसुद्धा जस्त चढवलेलेच.

बेअरिंगऐवजी आसाला नायलॉनचे बुश टाकले तर खाऱ्या पाण्यात ते बरे. गाडी चालवायची आहे ती माणसाच्या चालीनं, बॉल बेअरिंगची गरज नाही. झिजले तर बदलायला स्वस्त. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा गाडी गोड्या पाण्यानं धुऊन, आस काढून, ग्रीस भरून, नारळी पौर्णिमेपर्यंत उलटी करून ठेवा.

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो, रविवारी गळ टाकायला जातो. माझ्या हॅचबॅकमागे छोटी ट्रॉली लावता येईल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : दोन काठ्या, एक डबा आणि घडीची खुर्ची न्यायला ट्रॉली कशाला? गाडीचं पुस्तक उघडा. बहुतेक लहान गाड्यांच्या कंपन्या मागे काही ओढायला नकोच म्हणतात. काठ्या लांब असतील तर छतावर कॅरियर लावा. आणि ऐरोलीच्या बाजूला ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ मध्ये जाहीर झालेलं. ऐरोलीतच किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. नेहमीची जागा हद्दीत येते का, हे तिथं विचारून मगच गळ टाका.