अमेरिकी सिनेटची जागा मुदतीआधी रिकामी झाली, तर ती कशी भरतात?

१९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीनुसार अशा जागेसाठी संपूर्ण राज्यात पोटनिवडणूक होते. मात्र राज्याच्या कायद्यात तरतूद असल्यास तोवर गव्हर्नर हंगामी सिनेटर नेमू शकतात. मॅसॅच्युसेट्समध्ये डेमोक्रॅटबहुल विधिमंडळाने २००४ मध्ये, रिपब्लिकन गव्हर्नर असताना, हा अधिकार काढून घेतला आणि २००९ मध्ये तेथील डेमोक्रॅट सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या निधनानंतर, गव्हर्नर स्वपक्षाचे असताना, तो परत दिला. सोयीनुसार नियम असे फिरवणे मला सर्वथा अनुचित वाटते. १९ जानेवारी २०१० च्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन स्कॉट ब्राउन यांनी मार्था कोकली यांचा पराभव केला आणि विरोधकांची लांबवलेली चर्चा थांबवण्यासाठी लागणारे ६० मतांचे बळ डेमोक्रॅट गटाने गमावले.