नागपुरात घरचा सन कन्युर पोपट उडून गेला, आता कुठे आणि कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की मनीष नगरच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून काल संध्याकाळी उडाला, पंख कापलेले होते म्हणून लांब गेला नसेल असं घरचे म्हणून राहिले. पंखांच्या भरवशावर राहू नका. जुनी पिसं झडून नवी येतात तेव्हा पंख पूर्ण होतात, कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि अर्धवट कापलेले असले तरी वारा मिळाला की पक्षी दोन-तीन बिल्डिंगा सहज पार करतो. तरी बहुतेक जवळपासच कुठे उंचावर बसलेला असतो, त्यामुळे गाड्यांखाली नि झुडपांत कमी पाहा, वर जास्त.

पण पाहण्यापेक्षा ऐका. एवढा पिवळाधमक पक्षी, पण कडुलिंबात शिरला की खाली उभं राहूनही दिसत नाही. आवाज मात्र कन्युरचा दोन गल्ल्या ओलांडून येतो. उजाडताना आणि अंधार पडायच्या आधी ते हमखास ओरडतात, तेव्हा फिरा, घरच्यांनी नेहमीच्याच नावानं नेहमीच्याच सुरात हाक मारायची आणि मग गप्प राहायचं, लोक हाक मारत सुटतात आणि उत्तर ऐकायला थांबतच नाहीत. दुपारी फिरून फायदा नाही, या उन्हात तो चोच वासून कुठेतरी सावलीत गप बसलेला असेल, आणि घरोघरी कूलर चालू, तुम्हालाच काही ऐकू येणार नाही.

दिसला तर खरी परीक्षा तिथून पुढे. आमचा कन्युर असाच गेला होता, मागच्या अशोकाच्या पार शेंड्यावर. हाक मारली की ओरडून उत्तर द्यायचा, मान वाकडी करून खाली पाहायचा, एक पाय उचलायचा, परत ठेवायचा, पण उतरायचा नाही. माजलेला नव्हता बिचारा, पिंजऱ्यात वाढलेल्याला घाबरून वर उडणं जमतं, तेवढ्या उंचावरून सरळ खाली उतरायची सवयच नसते. मग बहीण शेजारच्या काकूंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर गेली, फल्लीदाणे द्यायच्या वेळी वाजवायची तीच स्टीलची वाटी चमच्यानं वाजवली, तेव्हा कुठे तो तिरका तिरका येत कठड्यावर बसला. म्हणून त्याच्या उंचीच्या आसपास जाऊन बोलवा, ओळखीचा पिंजरा दार उघडून तिथेच ठेवा, आत खाणं. गल्लीतले पोट्टे मदतीला येतीलच, त्यांना आधीच सांगा, दगड मारायचा नाही, झाड हलवायचं नाही, पाइपनं पाणी तर अजिबात नाही, दचकला की आणखी लांब जातो. अंधार पडला तर ते झाड लक्षात ठेवून घरी या, रात्री सहसा जागा सोडत नाहीत, पण उजाडायच्या आधी खाली हजर पाहिजे, कारण उजाडलं की कावळे मागे लागतात आणि मग तो कुठे जाईल सांगता येत नाही.

नाहीच दिसला तर पाण्याचा माग काढा. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवर पाखरांसाठी पाणी ठेवणारी घरं भरपूर आहेत, त्यांना विचारा, शिवाय कूलरच्या ओल्या जाळीवरही पक्षी येऊन बसतात. दूधवाले, पेपरवाले, चौकीदार, सकाळी फिरायला जाणारी म्हातारी मंडळी यांना फोटो दाखवा. भूक लागली की माणसाळलेला पक्षी अनोळखी माणसाच्याही खांद्यावर येऊन बसतो, त्यामुळे तो कोणाच्या घरी सुखरूप असायची शक्यता बरीच असते. सेमिनरी हिल्सला वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी पाखरं लोक तिथे नेऊन देतात, तिथेही विचारून ठेवा. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर (तिथे परदेशी जातीच्या पाळीव पक्ष्यांची नोंदणी होते) नोंदणी केली असेल तर तो कागद सोबत असू द्या. (आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट असता तर गोष्ट वेगळी होती, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो पाळताच येत नाही, लोक सर्रास पाळतात तरी.)

पोस्टरवर फोटो, भाग, फोन नंबर एवढंच टाका. पायातल्या रिंगचा नंबर टाकू नका. "तुमचा पक्षी माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा" असे फोन येतात, त्याला रिंगवर काय लिहिलंय ते विचारा, बहुतेक तिथेच फोन ठेवतात.