इंटरनेट कंपनीच्या 'टेक्निकल सपोर्ट'मधून बोलतोय म्हणणारा खरा की भामटा, हे कसं ओळखायचं?

आधी त्याला तुमचा ग्राहक क्रमांक विचारा. खऱ्या माणसासमोर तो असतो. भामटा मात्र तुमच्याकडूनच काढून घ्यायला बघतो. नाव-पत्ता सांगितला म्हणून विश्वास ठेवू नका, ती माहिती बाहेर सहज मिळते.

खरी खूण पुढे येते. 'एनीडेस्क' किंवा 'टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट' हे ॲप टाका आणि त्यातला कोड सांगा म्हणाला, की फोन ठेवा. कोड दिला की तुमचा स्क्रीन त्याला दिसतो, त्यावर येणारा ओटीपीसुद्धा. राउटरवर लाल 'एलओएस' दिवा लागला असेल तर बिघाड बहुधा फायबरच्या तारेत असतो; तो मोबाइलमधल्या ॲपने दुरुस्त होत नाही, माणूस घरी यावा लागतो. रिफंडसाठी यूपीआय पिन मागणं तर सरळ चोरीच, कारण पैसे घ्यायला पिन लागतच नाही. *४०१* लावून पुढे नंबर टाकायला सांगितलं तर तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. ##००२# डायल केल्यावर ते बंद होतं.

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणीकडे इंटरनेटची जोडणी बऱ्याचदा गावातल्या केबलवाल्याकडून असते. त्यालाच, बिलावरच्या नंबरवर फोन करून खात्री करा.

ॲप टाकून बसलात? डेटा, वायफाय लगेच बंद करा, ॲप काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते आणि गोठवणं अवघड होतं.