वाचकांचे प्रश्न : अडकलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह

प्रश्न : जुनी स्प्लेंडर दोन पावसाळे अंगणात पत्र्याखाली उभी होती. आता किक मारली तर काहीच जोर न लागता खाली जाते. प्लगला ठिणगी आहे, कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोल नवं भरलं. मेकॅनिक म्हणतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकलाय, हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवावं लागेल. हेड न उतरवता सुटेल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : सुटू शकतो. पण आधी एक विनंती : आता किक मारणं थांबवा. व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर वर येणारा पिस्टन त्याच्या तोंडावर आपटतो आणि दांडा वाकतो. वाकलेला दांडा सरळ करून वापरता येत नाही. तेलावर सुटला असता असा व्हॉल्व्ह दहा-वीस किकांत भंगारात जातो.

दोष नेमका कुठे आहे, ते पाहू. किक हलकी होण्याची कारणं तीन : एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप), इनलेट व्हॉल्व्ह (पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेणारी झडप) किंवा पिस्टन रिंगा. प्लग काढा. डाव्या मॅग्नेटो कव्हरवरची दोन्ही झाकणं उघडा. मधल्या मोठ्या भोकातून क्रँकचा बोल्ट बॉक्स पान्याने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि वरच्या छोट्या भोकात ‘टी’ची खूण (पिस्टन वरच्या टोकाला असल्याची) खाचेसमोर आणा. मग दोन्ही टॅपेट झाकणं काढा. खालच्या झाकणामागून थोडं ऑइल गळेल, खाली डबा ठेवा. कॉम्प्रेशनच्या टोकाला (पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले) दोन्ही रॉकरना, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांना, बोटाला जेमतेम जाणवेल एवढीच हालचाल असते. इनलेटचा रॉकर तसा आहे आणि एक्झॉस्टचा मात्र खुळखुळतोय, म्हणजे रॉकर मोकळा झाला तरी व्हॉल्व्ह परत वर आलेला नाही. तोच अडकला आहे. दोन्ही रॉकर घट्ट लागले तर गाडी चुकीच्या फेरीवर आहे. क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा, पण फिरवताना अडल्यासारखं वाटलं तर जोर करू नका, उलट फिरवा. खात्री करायची तर प्लगच्या भोकात रबरी नळी घट्ट धरून सायकलच्या पंपाने हवा मारा. सायलेन्सरमधून फुस्स ऐकू आलं तर एक्झॉस्ट, कार्ब्युरेटरमधून आलं तर इनलेट, आणि ऑइल भरायच्या भोकातून आलं तर रिंगा.

उभ्या गाडीत एक्झॉस्टच का अडकतो? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी थोडीच चालवून बंद केली की त्यातलं काही सायलेन्सरमध्ये आणि पोर्टमध्ये (हेडमधल्या धुराच्या वाटेत) काजळीवर थिजतं. सायलेन्सरचं तोंड बाहेर उघडंच असतं, त्यातून कोकणातली खारी दमट हवा आत येते. इंजिन बंद पडलं तेव्हा नेमका एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, तर ती हवा थेट बोअरपर्यंत, पिस्टन फिरतो त्या पोकळीपर्यंत, जाते. दांडा आणि गाइड (दांडा ज्यात सरकतो ती नळी) यांच्यातली फट केसापेक्षा बारीक असते. त्यात गंज आणि काजळी एकत्र फुगली की स्प्रिंगचा जोर कमी पडतो.

आता सोडवण्याचं काम. या इंजिनाचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो, एक्झॉस्ट पोर्ट खालच्या अंगाला. वरून तेल ओतलं तर ते थांबत नाही, वाहून जातं. शिवाय दांड्यावर सील असेल तर टॅपेटच्या बाजूने सोडलेलं तेल गाइडमध्ये उतरत नाही. म्हणून पोर्टच्या बाजूनेच जावं लागतं. बेंड पाइपचे (हेडपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीचे) दोन नट काढा (गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल लावून ठेवा, स्टड तुटला तर काम दुप्पट होतं). पोर्टमध्ये गंज सोडवणारा स्प्रे लांब नळीने नेमका दांडा गाइडमध्ये शिरतो तिथे मारा. स्प्रे नसेल तर निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल चालतं. त्यातच भिजवलेल्या सुती चिंधीचा बोळा पोर्टमध्ये दाबून बसवा, म्हणजे ओल टिकते. दर पाच-सहा तासांनी पुन्हा भिजवा. पूर्ण एक दिवस द्या, दोन दिले तर उत्तम. याच टप्प्यावर लोक घाई करतात आणि हातोडा काढतात.

भिजल्यावर रॉकरचा ॲडजस्टर ढिला करा. पितळेचा दांडा व्हॉल्व्हच्या टोकावर बरोबर मधोमध टेकवून हलक्या हाताने टकटक करा. लोखंडी पंचाने टोक पसरतं आणि मग व्हॉल्व्ह गाइडमधून निघतच नाही. पिस्टन त्या वेळी खाली हवा, ‘टी’च्या खुणेपासून अर्ध्या फेऱ्यावर. हेतू व्हॉल्व्ह खाली ढकलायचा नसून गंजाची पकड मोडायची आहे. अर्धा मिलिमीटर हलला की थांबा, तेल मारा, स्प्रिंग त्याला वर घेते का पाहा. पुन्हा टकटक, पुन्हा तेल. बहुतेक वेळा असाच तो इंचाइंचाने नव्हे, केसाकेसाने मोकळा होतो.

स्प्रिंग वर घेत नसेल तर दोरीचा उपाय आहे. या गाडीच्या प्लगचं भोक १० मि.मी.चं असतं, त्यातून ५ मि.मी. जाडीची, सुटे धागे नसलेली विणीची दोरी आत सोडायची. शेपूट बाहेर ठेवून गाठ मारायची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत अर्ध्यावर असला पाहिजे. एक्झॉस्टच्या फेरीत कॅमच (रॉकर हलवणारा फिरता उंचवटा) व्हॉल्व्हला दाबून धरतो. मग पान्याने क्रँक हळू फिरवायचा. दोरीची गादी होऊन व्हॉल्व्ह सीटकडे, म्हणजे मिटताना तो टेकतो त्या कड्याकडे, ढकलला जातो. यात किक अजिबात वापरायची नाही. व्हॉल्व्ह ३ मि.मी.पेक्षा जास्त उघडा असेल तर हा उपाय करू नका. दोरी तोंड आणि सीट यांच्यामध्ये शिरून चिमटते, आणि कड खराब होते.

सुटल्यावर गाडी चालू होईलही, पण आमचं स्पष्ट मत आहे की हेड तरीही उतरवावं. गंजाचा चुरा गाइडमध्येच राहिलेला असतो. तो आठवड्याभरात दांडा ओरबाडतो, आणि पुढच्या वेळी व्हॉल्व्ह चालत्या गाडीत अडकतो. हेड न उतरवता सोडवण्याचा फायदा एवढाच की व्हॉल्व्ह न वाकता, गाइड न फुटता बाहेर येतो.

हेड उतरवताना ‘टी’ची खूण आणि कॅमच्या चाकावरची गोल खूण जुळवून घ्या, टायमिंग चेन तारेने बांधून ठेवा, नाहीतर आत पडते. लॉक (स्प्रिंगची टोपी दांड्यावर धरणारे दोन तुकडे) काढल्यावर व्हॉल्व्ह लगेच ठोकून बाहेर काढू नका. लॉकच्या खाचेला बारीक कंगोरा आलेला असतो. तो तेलदगडाने घासून काढा. नाहीतर जाताना तोच गाइडला रेघ मारतो. दांडा काचेवर लोळवा. दांड्याखालून उजेड लुकलुकताना दिसला तर तो वाकलेला आहे. गाइडमध्ये सरकणाऱ्या भागावर गंजाचे खड्डे असतील तर व्हॉल्व्ह बदला. पॉलिश पेपरने घासून तोच बसवणं ही फसवी काटकसर आहे, दांडा बारीक होतो आणि खड्डे तसेच राहतात.

गाइडमधली काजळी हाताने फिरवायच्या रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) काढायची, ड्रिल बिटाने नाही. रीमर आत जाताना आणि बाहेर येताना एकाच दिशेने, घड्याळाच्या दिशेने, तेल लावून फिरवा. उलटा फिरवला तर धार मरते आणि भोक खरवडतं. नंतर ग्राइंडिंग पेस्टने सीट बसवा : आधी जाड, मग बारीक. तोंडावर आणि सीटवर सलग, साधारण १ मि.मी. रुंदीची राखाडी पट्टी दिसली की बस. पेस्टचा कण गाइडमध्ये राहता कामा नये. जोडणी झाल्यावर पोर्टमध्ये रॉकेल भरून दहा मिनिटं ठेवा. बोअरच्या बाजूला ओल आली नाही तर काम बरोबर झालं. हेड गास्केट आणि बेंड पाइपची रिंग नवी टाका. हेडचे नट तिरपे-तिरपे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. टॅपेटची फट थंड इंजिनावर, तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतल्या आकड्यानेच ठेवा, कारण याच नावाच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांचे आकडे सारखे नाहीत. आणि जुनं इंजिन ऑइल काढून टाका. डिझेल, स्प्रे, चुरा हे सगळं त्यात उतरलेलं असतं.

प्रश्न : कास्ट आयर्न बुलेट ३५०. कॉम्प्रेशन अचानक गेलं. व्हॉल्व्ह अडकला की डीकॉम्प्रेसर, हे हेड न खोलता कसं कळेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बुलेटमध्ये ही शंका घ्यायलाच हवी, कारण डीकॉम्प्रेसर (किक सोपी व्हावी म्हणून सिलिंडरमधली हवा सोडणारी छोटी झडप) उघडा राहिला तरी हवा सायलेन्सरकडेच जाते आणि आवाज तसाच येतो. आधी त्याची केबल हँडलपाशी सोडवा. केबलला दोन-तीन मि.मी. ढील नसेल तर ती डीकॉम्प्रेसर सतत किंचित उचलून धरते. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

नाही मिटली तर उजव्या अंगाचं टॅपेट कव्हर उघडा. प्लग काढून इंजिन हळू फिरवा. इनलेटचा पुशरॉड (कॅमची हालचाल वर रॉकरपर्यंत नेणारी दांडी) वर जाऊन खाली आला की पुढे पिस्टन टोकाला येतो ती कॉम्प्रेशनची जागा. तिथे दोन्ही पुशरॉड बोटाने गरगर फिरले पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. हीच या इंजिनाची टॅपेटची सेटिंग; फीलर गेज (फट मोजायची पट्टी) लागत नाही. एक्झॉस्टचा पुशरॉड वरखाली खेळत असेल किंवा जागेवरून निसटला असेल तर व्हॉल्व्ह अडकला आहे. दोन्ही पुशरॉड ठीक असतील तर डीकॉम्प्रेसर खोला. त्याच्या छोट्या सीटवर काजळीचा खडा बसलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो साफ करून थोड्या बारीक पेस्टने बसवता येतो.

पुशरॉड निसटलेला असेल तर काचेवर लोळवल्याशिवाय परत बसवू नका.

प्रश्न : लेथवाल्याकडून नवीन गाइड बसवून घेतले. गाडी थंड असताना उत्तम चालते. वीसेक किलोमीटरवर, विशेषतः घाटात, सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येऊन बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा चालू. प्लग, कॉइल बदलून झालं.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गाइड घट्ट आहे. प्लग, कॉइलवर आणखी पैसे घालवू नका.

हिशेब असा. ५ मि.मी.चा एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा ४०० अंशांनी तापला की साधारण ०.०३ मि.मी. जाड होतो. गाइडसुद्धा प्रसरण पावतो, पण तो हेडमध्ये बसलेला असल्याने थंड राहतो. म्हणून अशा दांड्याला एक्झॉस्टकडे ढोबळमानाने ०.०३ ते ०.०६ मि.मी. फट लागते, इनलेट पेट्रोलच्या थंड मिश्रणाने निवतो, त्याला निम्मी पुरते. लेथवर दोन्ही गाइड एकाच मापाने केले जातात, आणि ‘एकदम फिट’ हे कौतुकाचं वाक्य समजलं जातं. शिवाय गाइड हेडमध्ये ठोकल्यावर त्याचं भोक किंचित आवळतं. ठोकण्याआधीचं माप म्हणून खरं नाही. रीमर बसवल्यानंतर मारायचा असतो.

चढावर इंजिन तापतं, दांडा गाइडमध्ये धरतो, व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, न जळलेलं मिश्रण सायलेन्सरमध्ये जाऊन फटफट करतं. निवल्यावर सगळं सुरळीत, म्हणूनच दोष इलेक्ट्रिकचा वाटतो. पुढच्या वेळी बंद पडल्यावर लगेच, गरम असतानाच, किकवर कॉम्प्रेशन बघा. ते हलकं असेल आणि निवल्यावर परत येत असेल तर निदान पक्कं.

हेड उतरवून गाइडला योग्य मापाचा रीमर मारा आणि सीट पुन्हा कापून घ्या. नवा गाइड जुन्याच्या रेषेत कधीच तंतोतंत बसत नाही, त्यामुळे फक्त पेस्टने घासून भागत नाही. गाइड पुन्हा बदलायचाच झाला तर हेड ओव्हनमध्ये १०० ते १५० अंशांपर्यंत सगळीकडून सारखं तापवा, गाइड फ्रीजरमध्ये ठेवा आणि कॅमच्या बाजूने बसवा. गॅसच्या ज्वाळेने एकाच जागी तापवलेलं हेड वाकतं. मिश्रण फार पातळ नाही ना, हेही तपासा. त्यानेही एक्झॉस्टचा दांडा जास्त तापतो.

प्रश्न : आरएक्स १०० ओढत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाम झालाय असं सांगून खर्च काढला आहे.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खर्च देऊ नका. ती टू-स्ट्रोक आहे, तिला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच नसतो. इनलेटला रीड व्हॉल्व्ह (पातळ पात्यांची झडप) असतो, आणि धूर बोअरमधल्या खिडकीतून बाहेर जातो; ती खिडकी पिस्टनच उघडतो-मिटतो. सायलेन्सरची आतली जाळी आणि ती खिडकी यांतली काजळी काढा. खिडकी खरवडताना पिस्टन खाली ठेवा आणि लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी वापरा.

प्रश्न : आम्ही मुंबईत असतो, गाडी गावी चार-पाच महिने उभी राहते. शेजारी दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवतात. पुरेसं आहे का?
– एक वाचक, देवरुख

उत्तर : त्यांचा भाव चांगला आहे, पण पाच मिनिटांनी नुकसानच होतं. पाणी तयार होतं आणि उडून जाण्याइतकं इंजिन तापत नाही. चालवायची तर १०-१५ किलोमीटर चालवावी, नाहीतर हातच लावू नये.

ठेवण्याआधी इंजिन ऑइल बदला, मग गाडी चांगली तापेपर्यंत फिरवा. कार्ब्युरेटर रिकामा करा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं. इंजिन निवल्यावर प्लगच्या भोकातून ५ ते १० मि.लि. ऑइल सोडा, चार-पाच वेळा हळू किक फिरवा, प्लग लावा. मग पायाने किक दाबत नेऊन जिथे ती घट्ट लागते तिथे सोडा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. सायलेन्सरच्या तोंडात तेलाची चिंधी कोंबा आणि तिची लाल शेपटी बाहेर लोंबत ठेवा, म्हणजे चार महिन्यांनी जो कोणी किक मारायला येईल त्याला ती दिसेल.