सेंटरला पैसे कशाचे मिळतात, हे आधी विचारा

भांडुपहून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा 61 टक्के मिळवून दहावी पास झाला. मुलुंडच्या सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला त्याचा नंबर लागलाय. तेवढ्यात स्टेशनजवळच्या एका ट्रेनिंग सेंटरची माणसं घरी येऊन गेली. तीन महिन्यांचा कोर्स, फी नाही, बॅग आणि टी-शर्ट मोफत, नोकरी नक्की; फक्त आधार कार्ड आणि अंगठा द्या. दुसरीकडे एक खासगी आयटीआय वर्षाची फी आधी भरायला सांगते. ताई विचारतात, "पैसा सगळीकडे सरकारच देतं म्हणतात, मग एक जण फुकट शिकवतो आणि एक जण फी मागतो, हे कसं? मुलगा म्हणतो, दोन वर्षं कशाला घालवू? त्याचे बाबा रिक्षा चालवतात, हातभार तर हवाच आहे."

ताई, आधी उत्तर देते: मुलुंडचा प्रवेश सोडू नका, त्याची तारीख चुकवू नका. आता कारण सांगते, कारण मुलाला पटलं नाही तर तो दोन महिन्यांत वर्गात जायचं बंद करेल.

सरकार तिघांनाही पैसे देतं, पण वेगवेगळ्या गोष्टीचे. सरकारी आयटीआयची इमारत, शिक्षकांचे पगार, मशीन, कच्चा माल हे सगळं राज्याच्या तिजोरीतून येतं, म्हणून तिथली फी नाममात्र असते. शिवाय पात्र मुलांना विद्यावेतन मिळतं. ते वर्षानुवर्षं महिना 40 रुपये होतं, 2023 मध्ये 500 करायचं ठरलं. खासगी आयटीआयला मान्यता सरकारची असते, पण पगाराला अनुदान बहुतेकांना नसतं. ती फीवर चालते. ठरावीक प्रवर्ग आणि उत्पन्न असलेल्या मुलांची फी सरकार महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलमार्फत भरून देतं. ती रक्कम उशिरा आली की संस्था पालकांना आधी भरायला लावते आणि "नंतर परत करू" म्हणते. असं कुणी म्हटलं तर परतीचं आश्वासन पावतीवर लिहून घ्या.

आणि ते तीन महिन्यांचं सेंटर? ते केंद्राच्या कौशल्य विकास योजनेतलं असेल, तर त्याला पैसे मिळतात ते डोक्यामागे आणि तासामागे. 2015 च्या केंद्रीय नियमावलीत सर्वांत वरच्या गटातल्या कोर्सचा दर तासाला 38 रुपये 50 पैसे होता. 300 तासांचा कोर्स आणि 30 मुलांची बॅच धरली, तर एका बॅचचे 3 लाख 46 हजार 500 रुपये झाले. त्यातले 30 टक्के बॅच सुरू झाल्यावर, 50 टक्के मुलं परीक्षा पास झाल्यावर आणि 20 टक्के नोकरी लागल्याचं दाखवल्यावर. पुढे दर बदलले, हप्त्यांचे नियमही बदलले. पण बॅच भरल्याशिवाय सेंटरचं दुकान चालत नाही, हे कायम आहे. तुमच्या दारात माणसं आली ती त्यासाठी. अंगठाही त्याचसाठी लागतो, हजेरी त्यावरच मोजली जाते.

सगळी सेंटरं वाईट, असं मी म्हणणार नाही. चांगली शिकवणारी मी पाहिली आहेत, आणि तिशीतल्या एखाद्या बाईला शिवणयंत्र किंवा बिलिंग शिकून लगेच कामाला लागायचं असेल तर तीन महिन्यांचा कोर्स योग्यच आहे. पण गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा लॅमिनेट केलेलं वायरिंगचं सर्टिफिकेट घेऊन आला होता. मी त्याच्यापुढे कागद ठेवला आणि म्हटलं, जिन्यातला दिवा खालून लावायचा आणि वरून बंद करायचा, जोडणी काढून दाखव. त्याने दोन स्विच काढले, एक दिवा काढला आणि पेन तिथेच थांबलं. टू-वे स्विचला तीन टोकं असतात, हे त्याला कुणी हातात देऊन दाखवलंच नव्हतं. बॅचचा फोटो मात्र होता, सगळ्यांच्या हातात टेस्टर. मला त्याचा राग आला नाही, त्याच्या वाया गेलेल्या तीन महिन्यांचं फार वाईट वाटलं.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात 2009 पासून अशा कोर्सच्या फीसाठी सरकारी कर्ज मिळायचं. पैसे थेट संस्थेला जायचे, कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर चढायचं. दलाल गरीब वस्त्यांमध्ये मोफत लॅपटॉप दाखवून सह्या घेऊ लागले. एकट्या 2015 सालात हे कर्ज सुमारे 2.9 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेलं, आणि 2016 संपताना सरकारला योजनाच बंद करावी लागली. तिथे लॅपटॉप होता, इथे बॅग आणि टी-शर्ट आहे.

सरकारी आयटीआयचा दोषही सांगते. मुलं शिकोत न शिकोत, पगार होतोच. म्हणून कुठे शिक्षकाची जागा रिकामी राहते, कुठे मशीन झाकून ठेवलेलं दिसतं. यावर उपाय म्हणून 2007-08 पासून केंद्राने 1,396 आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज द्यायचं ठरवलं आणि कारभारात उद्योगांची माणसं असलेली समिती आणली. 20 टक्क्यांपर्यंत जागा या समितीच्या असतात. त्यांना आयएमसी जागा म्हणतात आणि त्यांची फी जास्त असते. मुलाच्या अलॉटमेंट लेटरवर हे तीन अक्षरी नाव आहे का, ते जरूर बघा. 2025 मध्ये हजार सरकारी आयटीआय सुधारण्यासाठी 60,000 कोटींची पीएम-सेतू योजना आली आहे, पण तुमच्या मुलाचा वर्ग भरेल तोवर त्यातलं काय पोहोचेल, यावर मी निर्णय सोपवणार नाही.

कमाईचं म्हणाल तर आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप आहे. रेल्वेचे परळ आणि माटुंग्याचे वर्कशॉप, माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड, सगळं लोकलच्या अंतरावर. तिथे शिकता शिकता स्टायपेंड मिळतो. पुढे मन झालं तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा मार्गही आहे.

सेंटरच्या माणसाला मुलाच्या समोरच तीन गोष्टी विचारा: मागच्या बॅचमधल्या दोन मुलांशी बोलायला मिळेल का, सर्टिफिकेट कोण देतं, आणि आज वर्कशॉप बघता येईल का. तोवर अंगठा देऊ नका. उद्या सकाळी बाबांची रिक्षा काढा आणि मुलाला घेऊन मुलुंडला जा. इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपमधल्या लाकडी बोर्डांवर स्क्रूची जुनी भोकं आहेत का, ते बघा. असतील तर तिथे मुलांच्या हातून काम होतं.