मराठवाड्यात गारपीट घरी मोजता येते का? परदेशात हौशी लोक अंगणातला बर्फ मोजतात तशी?

येते, फक्त त्यांची पद्धत जशीच्या तशी चालत नाही. हिमवर्षावात पांढऱ्या फळीवर साचलेल्या थराची उंची पट्टीने घेतात, मग तो वितळवून पाणी मोजतात. आपल्या गारांचा सारखा थर बसत नाही. त्या उसळतात, सखल जागी गोळा होतात आणि तासाभरात पाणी होऊन जातात. म्हणून आपण थर सोडायचा, गारेचा आकार धरायचा.

मी परभणीकडचा. फेब्रुवारी-मार्च 2014 च्या गारपिटीनंतर गावोगाव एकच वाद होता : बोराएवढी का लिंबाएवढी? आता लिंबू कागदी का ईडलिंबू, हे कोण ठरवणार! त्यापेक्षा पट्टी ठेवा. सगळ्यात मोठी गार उचला, तिची सर्वांत लांब बाजू मिलिमीटरमध्ये मोजा. पट्टी नसेल तर शेजारी दहाचं नाणं ठेवून फोटो काढा, त्याचा व्यास 27 मिमी असतो. मात्र कडकडाट थांबून अर्धा तास होईस्तोवर पत्र्याखालून हलू नका.

घरी नसताना पडली तर? फूटभर लांबी-रुंदीच्या जाड थर्माकोलवर पोळ्या गुंडाळायचा फॉइल ताणून चिकटवा आणि गच्चीवर वजनाखाली पक्का करा. प्रत्येक गारेचा खळगा उमटतो. गोल खळगे म्हणजे गारा सरळ पडल्या, लांबट म्हणजे वाऱ्याने तिरप्या. फूटभरात किती पडल्या तेही मोजता येतं. एकदा मार खाल्लेला थर्माकोल फॉइलसकट बदलायचा, तारीख टाकून जपून ठेवायचा.

पाण्याचं माप वेगळं घ्या. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात गारा अडकल्या असतील तर 10 मिमी कोमट पाणी मोजून त्यावर ओता, वितळल्यावर एकूण मापातून 10 वजा करा. हवामान खात्याप्रमाणे नोंद सकाळी साडेआठला घ्यावी. पण या आकड्यावर फार विसंबू नका. कितीतरी गारा उसळून बाहेर जातात. महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, स्वयंचलित पर्जन्यमापकातही अडकलेली गार वितळेल तेव्हाच पाऊस म्हणून मोजली जाते. त्यात गारपिटीचा पट्टा अरुंद. एका शिवारात हरभरा झोपतो आणि ओढ्यापलीकडच्या ज्वारीचं पानही फाटत नाही. मंडळात 8 मिमी पाऊस असं लिहिलेलं असतं, त्यावरून तुमच्या वावरात काय झालं ते कळत नाही.

वहीत सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, मोठ्यात मोठी गार, वाऱ्याची दिशा एवढं लिहा. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत गारा राहत नाहीत, ही वही आणि फॉइल राहतो.