फिक्या लागरची पारख

प्रश्न : आम्ही चार मित्र अधूनमधून एकत्र बसतो. मागच्या वेळी एका क्राफ्ट ब्रुअरीच्या अमेरिकन लागरचे कॅन आणले होते. एकाने पहिल्याच घोटाला ती ‘पाणचट’ ठरवली. मला मात्र तिला उकडलेल्या मक्याचा वास आला. छोट्या ब्रुअरीची बिअर इतकी फिकी असावी का, आणि तो वास दोष मानावा का?
– एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : आपल्या मित्रांना ती पाणचट वाटली यात नवल नाही, कारण आपल्याकडे बिअर म्हटली की बहुतेकांच्या जिभेवर स्ट्राँग बिअरचीच चव असते. अमेरिकन लागर मुळातच फिकी असते. तिच्यात अल्कोहोल साधारण ४.२ ते ५.३ टक्के असते, कडूपणा ८ ते १८ आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजण्याचे एकक) इतका अल्प असतो आणि धान्यात ४० टक्क्यांपर्यंत मका किंवा तांदूळ चालतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या जर्मन ब्रुअरांना तिथले सहा ओळींच्या कणसाचे बार्ली प्रथिनांनी जड वाटले, आणि बिअर हलकी व नितळ व्हावी म्हणून त्यांनी ही धान्ये मिसळायला सुरुवात केली. तेव्हा क्राफ्टवाल्याने ती दाट, कडवट केली नाही ही त्याची कुचराई नसून शिस्त आहे. अशा बिअरमध्ये दोष झाकायला हॉप्सचा (कडवटपणा आणणाऱ्या फुलांचा) जोर किंवा भाजलेले माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) नसते, म्हणून ती निर्दोष उतरवणे माझ्या मते आयपीए या हॉप्सने कडवट केलेल्या बिअरपेक्षा अवघड आहे.

मक्याच्या वासाचा निकाल मात्र एका वाक्यात लागत नाही. धान्याचा किंचित गोडसर, मक्यासारखा वास या प्रकारात चालतो. पण फिक्या माल्टमधून डीएमएस नावाचे गंधकयुक्त द्रव्य तयार होते, आणि वर्ट (किण्वनाआधीचा माल्टचा गोड अर्क) उघड्या भांड्यात खळखळून न उकळल्यास किंवा उकळल्यावर हळू थंड केल्यास ते बिअरमध्ये उरते. फरक ओळखण्यासाठी ग्लास तळहाताने झाकून हलकेच फिरवावा, हात काढताच हुंगावे आणि बिअर जरा कोमट होऊ देऊन पुन्हा हुंगावे. धान्याचा वास सौम्यच राहिला तर शंका सोडावी; तो वाढत जाऊन उकडलेल्या कोबीकडे झुकला तर दोष नक्की समजावा. लोण्याचा वास (डायअसिटिल) किंवा हिरव्या सफरचंदाचा वास (अ‍ॅसिटाल्डिहाइड) आला तर बहुधा किण्वन पुरते झालेले नसते.

बिअरच्या स्पर्धांत परीक्षक ५० पैकी गुण देतात : वास १२, दिसणे ३, चव २०, तोंडातला पोत ५ आणि एकूण परिणाम १०. या बिअरला दिसण्याचे तीन गुण सहज मिळतात. रंग फिका पिवळा, नितळ, फेस पांढरा, तो फार टिकला नाही तरी चालते. चवीत घोट गिळल्यावर तोंड कोरडे, स्वच्छ राहते की गोडवा रेंगाळतो, एवढ्यावरच बरेच गुण ठरतात. बर्फगार बिअरचा वास दबतो, म्हणून ती सात-आठ अंशांवर घ्यावी, आणि ग्लास साबणाचा ओशटपणा न ठेवता धुवावा. सोलापूरकरांना हे सांगणे जिवावर येते, पण गुण लिहून होईपर्यंत शेंगाचटणी ताटाबाहेर ठेवावी. लसूण-तिखटापुढे हिचे काही चालत नाही. सोबत साधी कडक भाकरी पुरे.

एक शंका राहते ती वाहतुकीची. चाळीस अंशांच्या उन्हात टेम्पोत तापलेल्या कॅनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ शकतो आणि त्याचे खापर ब्रुअरवर फुटते. म्हणून कॅनवरची भरण्याची तारीख पाहावी, दुकानात तो थंड कपाटातच होता का हे विचारावे, आणि शक्य असल्यास त्याच खेपेचा दुसरा कॅन उघडून दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.